स्किलेटचा 'रेव्होल्यूशन': उघड श्रद्धा, दणदणीत गिटार आणि माझी थोडी कुरकुर

डिस्टॉर्शन

'मॉन्स्टर' गाजलं २००९ साली. आमच्या हॉस्टेलात ते आलं यूट्यूबवरच्या अ‍ॅनिमे व्हिडिओंमधून, आणि 'हीरो' आलं कुस्तीच्या वाटेने. २०१० च्या रॉयल रंबलचं ते गाणं. दोन्ही स्किलेटची, दोन्ही 'अवेक' या अल्बममधली. हा बँड ख्रिस्ती आहे, १९९६ मध्ये अमेरिकेतल्या मेम्फिसला सुरू झालाय, याचा आमच्यापैकी कुणाला पत्ता नव्हता. गाण्यात येशूचं नाव नाही, क्रूस नाही. आतला राक्षस आवरत नाही, एवढंच. अठराव्या वर्षी तेवढं पुरतं.

नंतर कळलं तेव्हा मी बायबलमधलं पौलाचं रोमकरांस पत्र उघडून सातवा अध्याय वाचला. जे चांगलं करावंसं वाटतं ते हातून होत नाही आणि जे नको तेच होतं, अशी कबुली आहे तिथे. 'मॉन्स्टर' पुन्हा ऐकलं आणि गाणं दुप्पट मोठं झालं. सांगायचा मुद्दा, श्रद्धा आड आली नाही. उलट तळाशी काहीतरी आहे म्हणून गाणं टिकलं असं वाटलं.

आता 'रेव्होल्यूशन'. १ नोव्हेंबर २०२४ ला आला. कित्येक वर्षं अ‍ॅटलांटिकसारख्या बड्या कंपनीबरोबर काढल्यावर हा अल्बम त्यांनी 'हिअर इट लाउड' या स्वतःच्या लेबलवर काढलाय. वर कुणी नाही, त्यामुळे जे म्हणायचंय ते म्हणतो असा पवित्रा पहिल्यापासून जाणवतो. जॉन कूपरचा खरखरीत आवाज, त्याच्या बायकोची, कोरीची, रिदम गिटार आणि कीबोर्ड, सेथ मॉरिसनची लीड आणि ड्रमवर बसून गाणारी जेन लेजर. ही चौकडी २०११ पासून एकत्र आहे आणि ते ऐकू येतं. 'अ‍ॅश इन द विंड' हेडफोन लावून ऐका, शेजाऱ्यांची दया येत असेल तर. गिटार इतकी जाड आहे की पहिल्यांदा मी ईक्वलायझर तपासला. जॉन आणि जेन आलटूनपालटून गातात ती जागा स्किलेटची हुकमी आहे, आणि इथेही ती फसत नाही.

कुरकुर शब्दांबद्दल आहे. 'अनपॉप्युलर'मध्ये जग काय म्हणेल याची पर्वा न करता सत्य बोलणार, भले नावडता होईन, असा सूर आहे. चाल मस्त, घोषणा द्याव्यात तसं सगळ्यांनी ओरडायचं कडवं. 'ऑल दॅट मॅटर्स'मध्ये श्रद्धा, कुटुंब, स्वातंत्र्य हे त्रिकूट. यातला एकही शब्द मला खटकत नाही. खटकतं ते हे, की 'मॉन्स्टर'मधला माणूस स्वतःशी भांडत होता आणि 'अनपॉप्युलर'मधला माणूस इतरांशी भांडतोय. पहिल्या भांडणात मी, एक पुण्याचा, सणावारी देवळात जाणारा माणूस, सहज सामील झालो होतो. दुसऱ्यात मी कुठल्या बाजूला आहे तेच कळत नाही. बहुधा 'इतर'मध्येच असेन.

आणि गंमत म्हणजे याच अल्बममध्ये 'हॅपी वेडिंग डे' आहे. बापाने लेकीच्या लग्नासाठी केलेलं गाणं. हार्ड रॉकवाले नाक मुरडतील, पण पाठवणीच्या वेळी मांडवात जड होणारे बाप आपण पाहिलेत. तिथे कूपरला काही सिद्ध करायचं नाहीये, आणि माझ्या मते त्याची श्रद्धा तिथे सगळ्यात खरी वाटते.

ऐकलेल्यांनी लिहा. न ऐकलेल्यांनीही लिहा, इथे ती परंपरा आहेच.

उगीच_आपलं

न ऐकता लिहिण्याचा मान पहिला माझा. देवाचं गाणं आणि शेजाऱ्यांची दया? आमच्याकडे पहाटे पाचला भोंगे लावणाऱ्यांना हे दाखवतो.

रंगभवन८९

डिस्टॉर्शनराव, धागा छान. पण तुमची कुरकुर पूर्वी उलट्या बाजूने करून झालीय, ती कथा ऐका.

मुंबईच्या ऱ्हिदम हाउस या दुकानात कॅसेटी चाळायच्या दिवसांत स्ट्रायपर नावाच्या बँडचं प्रकरण हाती लागलं. कॅलिफोर्नियाची पोरं, पिवळे-काळे पट्टे अंगावर, गिटारवर, ड्रमवर, सगळीकडे. लोगोखाली यशया ५३:५ असा बायबलचा संदर्भ. मधमाश्यांसारखे दिसायचे, हसू यायचं. वाजवायचे मात्र कडक. मैफिलीत श्रोत्यांत नवा करार भिरकावायचे. १९८६ चा 'टू हेल विथ द डेव्हिल' अमेरिकेत प्लॅटिनम झाला. लपवाछपवी अजिबात नाही, आणि तरी एमटीव्हीवर धडाक्यात वाजले.

मार मात्र दोन्हीकडून खाल्ला. मेटलवाले हसायचे आणि चर्चवाले मैफिलीबाहेर फलक घेऊन उभे. टीव्हीवरचे प्रसिद्ध प्रवचनकार जिमी स्वॅगर्ट यांनी ख्रिस्ती रॉकवर तोफ डागली ती वेगळीच. त्यात विनोद असा की स्ट्रायपरचा गायक मायकेल स्वीट लहानपणी श्रद्धेकडे वळला तो स्वॅगर्टचाच कार्यक्रम बघून.

आता तुमच्यासाठी महत्त्वाचं. १९९० ला त्यांनी 'अगेन्स्ट द लॉ' काढला. पट्टे गेले, देवाचा उल्लेख जवळपास गेला, सगळ्यांना चालेल असा सफाईदार रॉक. काय झालं? जुने भक्त नाराज, नवे आलेच नाहीत. १९९२ ला स्वीट बाहेर. पुढे २००३ ला परत जमले ते पट्टे घालूनच, आणि अजून अल्बम काढतायत.

संदेश कमी केला की दार उघडतं हे दर वेळी खरं नसतं.

पापडीकर

वसईचा आहे, कॅथलिक आहे, स्किलेट बारावीपासून ऐकतोय. धागा वाचून आनंद झाला आणि थोडा रागही आला. राग आधी काढतो.

डिस्टॉर्शनभाऊ, तुम्हाला आमची श्रद्धा कधी आवडली? तुम्हाला ती दिसत नव्हती तेव्हा. 'मॉन्स्टर'मध्ये ती पडद्याआड होती म्हणून गाणं 'सगळ्यांचं' झालं. तुकोबांच्या अभंगात विठ्ठल चरणाचरणात उघड उभा असतो. तिथे कधी कुणी म्हणतं का, की जरा आडून म्हटलं असतं तर मलाही सामील होता आलं असतं? मी स्वतः अभंग ऐकतो, डोळ्यांत पाणी येतं, विठ्ठल माझा देव नसूनही. मग उघड श्रद्धेचा त्रास फक्त इंग्रजी रॉकमध्येच का व्हावा?

आणि 'अनपॉप्युलर'बद्दल. कॉलेजात बँडची पोरं रविवारी सकाळी जॅमला बोलवायची, मी म्हणायचो मिसा आहे, म्हणजे चर्चमधली उपासना, नंतर येतो. त्यावर जे हशे व्हायचे ते ऐकलेल्या माणसाला हे गाणं वेगळं लागतं. माझ्यासाठी ते कुणावर चालून जाणं नव्हतं. थोडी पाठ ताठ झाली, इतकंच.

आनंदाचं कारण: कुणीतरी रोमकरांस पत्राचा सातवा अध्याय स्वतः उघडून वाचला. आमच्यातलेही कितीजण वाचतात देव जाणे.

डिस्टॉर्शन

पापडीकर, अभंगाचा वार वर्मी लागलाय. तरी एक सांगतो. तुकोबा विठ्ठलाचं नाव घेतात तेव्हा बहुतेक वेळा स्वतःचीच कानउघाडणी करत असतात, नाहीतर थेट देवाशी भांडत असतात. ते नाव उघड असून मला आत घेतं. माझी तक्रार नावाबद्दल नव्हतीच, बोट कुणाकडे आहे त्याबद्दल होती. तुकोबांनी दांभिकांवर कोरडे ओढलेत हे तुम्ही आता लिहाल, मान्य आहे. पण तेही बहुतेक आपल्याच घरातल्यांवर.

रविवारच्या जॅमचं मात्र लक्षात ठेवतो. तो कान माझ्याकडे नाही.

निरीश्वर

इतकं हळवं व्हायचं कारण नाही. 'ख्रिस्ती रॉक' हा एक बाजार आहे. वेगळी दुकानं, वेगळी रेडिओ स्टेशनं, खपाचे वेगळे तक्ते. त्या तक्त्यावर चढायचं तर शिक्का लागतो.

उदाहरणं देतो. इव्हानेसन्सचा 'फॉलन', २००३. ख्रिस्ती दुकानांत जोरात विकला जात होता. मग बँडच्या मुलाखतीत 'आम्ही तसले नाही' असा सूर निघाला आणि कंपनीने स्वतःहून दुकानांना माल परत पाठवायला सांगितलं. गाणी तीच, आवाज तोच, फक्त शिक्का गेला. दुसरं, 'अ‍ॅज आय ले डायिंग' या मेटल बँडचा गायक टिम लँबेसिस. बायकोच्या खुनाची सुपारी देण्याच्या गुन्ह्यात २०१४ ला शिक्षा झाली, आणि त्याच सुमारास त्याने मुलाखतीत सांगितलं की श्रद्धा केव्हाच सुटली होती, बँड मात्र ख्रिस्ती म्हणून विकला जात होता. श्रोत्यांना कळलं? नाही. मग संदेश नेमका कुठे होता, गाण्यात की पाकिटावर?

स्किलेटवाले प्रामाणिक असतीलही. पण स्वतःच्या लेबलवर, ठरलेल्या गिऱ्हाइकाला, ठरलेला माल देणं याला धाडस म्हणू नका. नावडतं होण्याचं गाणं आवडीने विकत घेणारी गर्दी समोर असताना नावडतं कोण होतं?

रंगभवन८९

शेवटच्या वाक्याला दाद. बाकी निरीश्वरबुवा, ज्या मेटल बँडांना आपण डोक्यावर घेतलं त्यांतले किती सैतानाला खरोखर मानत होते? तिथे पाकीट तपासलं का कधी?

निरीश्वर

नाही. :) पण ते कुणी माझ्याकडून मनापासून मानण्याची अपेक्षाही करत नव्हते.

ओहायोची_वैनी

इथे राहते म्हणून थोडी पार्श्वभूमी देते, कारण तिकडून हा अल्बम ऐकताना अर्धी गोष्ट निसटते.

गेल्या काही वर्षांत इकडे चर्चमध्ये वाढलेली बरीच मंडळी आपली श्रद्धा सुटी करून तपासू लागलीत. त्याला 'डिकन्स्ट्रक्शन' म्हणतात. काहीजण सगळं सोडून जातात, काही चर्च बदलतात, काही फिरून तिथेच येतात. ख्रिस्ती संगीतातली मोठी नावंही त्यात आहेत. २०१९ मध्ये हिलसाँग या ऑस्ट्रेलियातल्या चर्चचा गीतकार मार्टी सॅम्पसन याने आपली श्रद्धा डळमळल्याचं लिहिलं. २०२० च्या मे महिन्यात हॉक नेल्सन या ख्रिस्ती रॉक बँडचा गायक जॉन स्टाइनगार्ड याने देव मानत नसल्याचं जाहीर केलं. २०१९ लाच कूपरने फेसबुकवर खूप लांब पोस्ट लिहिली होती, की गायकांना धर्मगुरू करून ठेवलं त्याचं हे फळ आहे. स्वतः गायक असून हे म्हणाला, याचं मला कौतुक वाटलं. पुढे २०२२ मध्ये मंचावरून त्याने या चळवळीविरुद्ध युद्ध पुकारण्याची भाषा केली आणि ती क्लिप सगळीकडे फिरली. त्यातच तो असंही म्हणाला की सोडून गेलेल्यांचा मी द्वेष करत नाही, त्यांच्यासाठी प्रार्थना करतो. पण युद्ध हा शब्द एकदा माइकवर आला की पुढचं कोण ऐकतं?

'रेव्होल्यूशन' या सगळ्यानंतरचा आहे. 'ऑल दॅट मॅटर्स'मधलं स्वातंत्र्य तुम्हाला तिकडे साधं वाटेल. इकडे श्रद्धा-कुटुंब-स्वातंत्र्य हे तीन शब्द एका ओळीत आले की निवडणुकीचे फलक आठवतात. कूपरला ते अभिप्रेत असेल-नसेल, ऐकणाऱ्याच्या कानात ते आधीच बसलेलं असतं.

मुलीला घेऊन मी विंटर जॅम या ख्रिस्ती बँडांच्या मैफिलीला गेले होते. तिकीट नाही, दाराशी दहा-पंधरा डॉलर द्यायचे आणि आत. एकामागून एक बँड, मध्ये प्रवचन, मग ज्यांना येशूला स्वीकारायचंय त्यांनी उभं राहा असं आवाहन. नंतर गरीब देशातल्या मुलाचा दरमहा खर्च उचला म्हणून कार्डं वाटतात. त्यांवर मुलांचे फोटो. भारतातलं पोर असेल का हे बघायचं मी टाळलं. आणि मग स्किलेट, ज्वाळा, धूर. मुलगी बेभान. मला संगीत आवडलं, आवाहनाच्या वेळी खुर्चीत बसून राहणं अवघड गेलं. कुणी काही म्हटलं नाही, तरी. डिस्टॉर्शन म्हणतात ते 'इतर'मध्ये असणं तिथे अगदी कळलं. पण समोरच्या रांगेत एक मुलगा हमसून रडत होता, त्याला त्याच पाच मिनिटांत काहीतरी मिळालं होतं, हेही खरं.

नगरचा_नाना

उशिरा आलो. आम्ही अहमदनगरचे, पंथाने प्रोटेस्टंट, घरात उपासना संगीताचं पुस्तक देवघरासारखं. मला रॉक कळत नाही, नातवाने हा धागा दाखवला.

तुमचा वाद महाराष्ट्राला नवा नाही. फादर स्टीफन्स हा इंग्लंडातला माणूस १५७९ मध्ये गोव्यात आला आणि त्याने येशूची कथा मराठी ओव्यांत रचली. ख्रिस्तपुराण छापलं गेलं १६१६ साली. ओवी कुणाची? ज्ञानोबांची. पुराण हा घाट कुणाचा? त्यानंतर रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८९५ ला बाप्तिस्मा घेतला, तोवर आमच्या देवळांत मिशनऱ्यांनी आणलेल्या विलायती चालींवर मराठी शब्द बसवून गाणी म्हणत. आघात भलतीकडे, अर्थ भलतीकडे. टिळकांनी अभंग, भजन, कीर्तन सरळ उचललं आणि येशूला टाळ-मृदंगावर आणलं. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, असं ते मानत.

घाट बदलला म्हणून देव बाटला नाही. तेव्हा गिटारीने तो बाटेल असं मला वाटत नाही. आवाज जरा कमी ठेवला तर नातवाच्या आजीचं काही म्हणणं नाही.

पापडीकर

नाना, दंडवत. फक्त एक फरक दिसतो, तुम्हाला पटतो का सांगा. टिळकांनी जो घाट घेतला तो आधीपासून भक्तीचाच होता. अभंगात देव नवा आणायचा नव्हता, देवाचं नाव बदलायचं होतं. रॉक जन्मला तो बंडातून. तिथे 'देवाचं ऐका' म्हणणं म्हणजे त्या वाद्यालाच उलटं फिरवणं. म्हणून कूपरला बंडाची भाषा सोडवत नाही, आणि तो म्हणतो की आजच्या जगात देवाला मानणं हेच बंड. अल्बमचं नाव 'क्रांती' असायचं कारण मला तरी हेच वाटतं.

बाकी तक्रारी सगळीकडे सारख्याच. साठच्या दशकातल्या व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनंतर मिसा लॅटिनऐवजी मराठीत होऊ लागली, तेव्हा आमच्याकडचे म्हातारे म्हणाले होते म्हणे, देवाला मराठी समजेल का! आता ते कुणाला आठवतही नाही. आज युथच्या मिसेला ड्रम आणले की तीच कुजबुज.

नगरचा_नाना

फरक पटला. पण पापडीकर, वारकऱ्यांचा अभंगही त्या काळी बंडच होता हो. देव संस्कृतातून मराठीत आणणं काय फुकट पचलं होतं? वह्या बुडवाव्या लागल्या.

डिस्टॉर्शन

नाना, तुमच्या या तीन ओळींनी माझा अर्धा युक्तिवाद उडाला, पण उरलेला अर्धा मी सोडत नाही. ज्याची वही बुडवली गेली त्याचं बंड आणि ज्याच्यासाठी स्टेडियम भरतं त्याचं बंड, यात मी फरक करणार. वैनींनी सांगितलेली युद्धाची गोष्ट ऐकून तर जास्तच. 'अवेक'मधल्या कूपरच्या डोक्यावर कंपनी होती, बाहेरच्या श्रोत्याची गरज होती, आणि त्या दडपणातून गाणी घासून निघाली. आता मोकळा आहे तर फक्त आपल्यांशी बोलतोय. मोकळीक मिळाली आणि गाणं अरुंद झालं, असं माझं मत आहे. पापडीकरांना ते अरुंद वाटत नाही कारण ते आत उभे आहेत. दोन्ही खरं असायला हरकत नाही, पण अल्बमला मी साडेतीन तारेच देणार. गिटारीला साडेचार.

पापडीकर

आत उभं राहूनही मी चारच देतो. 'फायर इनसाइड' अजून दोन मिनिटं चाललं असतं तर बरं झालं असतं.

आणि कॅथलिक म्हणून एक घरची कुरकुर. या अमेरिकी इव्हँजेलिकल रॉकमध्ये सगळं 'मी आणि येशू' असतं. गाव नाही, संत नाहीत, मेलेली माणसं नाहीत. आमच्याकडे नोव्हेंबरात कबरींवर मेणबत्त्या लावायला अख्खा गाव जमतो. तसलं गाणं यांच्याकडे सापडत नाही.

ओहायोची_वैनी

+१. इकडच्या चर्चमध्ये मला नेमकं तेच जाणवतं, शब्द सापडत नव्हता.

उगीच_आपलं

एवढं वाचून शेवटी ऐकलं बुवा 'अनपॉप्युलर'. सकाळपासून गुणगुणतोय, बायको विचारते कोण नावडतं झालं. आता सांगा, या बँडचं आणखी काय ऐकू? देव थोडा बेताने असलेलं चालेल, सवय नाही.

पापडीकर

२००६ चा 'कोमाटोज' अख्खा ऐका. 'रीबर्थिंग'ने सुरुवात, त्यात व्हायोलिन-चेलो आणि गिटार एकमेकांच्या अंगावर येतात. मग 'द लास्ट नाइट', आयुष्य संपवायच्या विचारात असलेल्या मुलीशी बोलणं आहे, मन जड असेल तर आज नको. नंतर 'फॉलिंग इनसाइड द ब्लॅक'. तिथून 'अवेक'. देव बेताने हवा असेल तर 'मॉन्स्टर', आणि तो सवयीचा झाला की 'व्हिस्पर्स इन द डार्क', तिथे बोलणारा कोण हे कुणी सांगावं लागत नाही.

रंगभवन८९

आणि मधमाश्याही ऐका. 'टू हेल विथ द डेव्हिल', आवाज पूर्ण. नानांच्या सौभाग्यवतींची क्षमा मागून.